दादाची वीत

७ जानेवारी, मंगळवार

दादाला जाऊन आज आठ आठवडे दोन दिवस झाले. जाऊन म्हणजे घरातून जाऊन. दुसरा अर्थ माझ्यासमोर कुणी काढला तर त्याची धडगत नाही.

एकतीस वर्षं वजनमापे तपासनीस म्हणून काढली. रोजची नोंदवही लिहिल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. निवृत्त झाल्यावर ती सवय सोडली, पण आता डोकं ठिकाणावर राहायचं असेल तर पुन्हा लिहायला हवं.

तर नोंद. दहा नोव्हेंबर, रविवार. दादा सकाळी सहाला गळाचं सामान घेऊन दगडखाणीवरच्या तळ्याला गेला. दुपारी तिथल्या राखणदाराचा फोन आला. गळवाल्यांना बसायला काठावरून पाण्यावर काढलेल्या फळ्या आहेत, त्यातल्या चौदा नंबरच्या फळीवर स्टूल होतं, थर्मास होता, काठी तिच्या घोडीवर नीट टेकवलेली होती. माणूस तेवढा नव्हता. पाणबुडे चार दिवस तळ ढवळत होते. हाती काही लागलं नाही.

वहिनी अजून सकाळी तीन कप चहा ओतते. तिसरा निवला की मोरीत टाकते. आज म्हणाली, "वन्सं, सापडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. नुसती वाट बघायची म्हणजे किती बघायची?"

मी दाराआडची दादाची पिशवी काढून बसले.

काठी कार्बनची, सात तुकडे, एकात एक बसणारे. चक्री वगैरे काही नाही. सगळ्यात पुढच्या तुकड्यावर पांढऱ्या शाईच्या दहा रेघा, शेजारी बारीक अक्षरात तारखा. एक सप्टेंबर ते तीन नोव्हेंबर, दर रविवारची एक. बुडाकडून मोजलं तर पहिली दोनशे सेंटिमीटरवर, दुसरी एकशेऐंशीवर, आणि अशी उतरत शेवटची वीसवर. दोन रेघांतलं अंतर बरोबर वीस. मी दोनदा मोजलं. ज्या माणसाला साधा पाव सरळ कापता येत नाही त्याच्या हातून इतकं अचूक काम? मला पटत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सामानाच्या दुकानात गेले. दादा सगळं तिथूनच घ्यायचा. दुकानदार गोल चेहऱ्याचा, तोंडाला विश्रांती नसलेला माणूस. काठी बघून दुप्पट बोलायला लागला.

रेघांचं त्याने समजावून सांगितलं. या काठीची मासेमारी म्हणजे आधी खोली मोजायची. गळाला ओळंबा लावायचा, गवंड्याचा असतो तसाच पण बोराएवढा, आणि पाण्यात सोडायचा. दोरीवरचा फ्लोट, म्हणजे तरंगती खूण, बुडाला तर दोरी कमी पडली, वर सरकवायचा. फ्लोटचं टोक जेमतेम दिसलं की खोली मिळाली. मग गळ ह्या पुढच्या तुकड्याच्या बुडाशी धरून फ्लोट जिथे येईल तिथे रेघ मारायची.

"म्हणजे ही खोली," मी म्हटलं. "मग एकाच जागी दर आठवड्याला वीस सेंटिमीटर कमी कशी होते?"

"बाई, पाणी उतरलं असेल," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मग काठीच्या टोकातून आत ओवलेला रबरी दोर त्याने ओढून बघितला. मासा ओढतो तेव्हा हा ताणला जातो आणि दोरी तुटत नाही. "अहो, हा वीस नंबर आहे! त्या तळ्यात हाताएवढा मासा म्हणजे डोक्यावरून पाणी. तिथे आठ नंबर पुरतो. तुमच्या दादांना मी सांगून थकलो. आधी आठ नेला, मग बारा, मग सोळा. म्हणे, ओढ वाढतेय."

आम्ही काय काय निवडलं: रबर आठ नंबर (मी ऐकलं त्याचं), टोकाला बसवायचं गुळगुळीत बूच, तीन फ्लोट लाल टोकाचे, बारीक दोरी, बिनकाट्याचे गळ, दोन ओळंबे. ओळंब्यांचं वजन मी त्याच्याच काट्यावर तपासलं. काटा दीड ग्रॅम चुकत होता. सांगितलं.

दोरी मोजताना त्याने गल्ल्याच्या लाकडावर कोरलेल्या दोन खुणांचा आधार घेतला. मी विचारलं हे काय माप? हसून म्हणाला, "ही सरांची वीत. चित्रकलेचे सर होते, तुमच्या दादांचे जोडीदार, तेही चौदा नंबरवरच बसायचे. हाताने मोजून दोरी घ्यायचे, म्हणून त्यांच्या वितीची खूणच कोरून ठेवली."

वितीने मोजून माल विकणं गुन्हा आहे, हे मी त्याला ऐकवलं. सर आता येत नाहीत का, तर म्हणाला, "नाही येत." आणि पिशवी बांधायला लागला.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सातला चौदा नंबरवर. बाकी गळवाले एक ते नऊवर दाटीवाटीने बसलेले. पुढच्या फळ्या रिकाम्या. राखणदार म्हणाला, "बाई, तिकडे काही लागत नाही हो." मी म्हटलं मला काही लागायला नकोच आहे.

ओळंबा सोडला. दादाच्या शेवटच्या रेघेप्रमाणे वीस सेंटिमीटरवर टेकायला हवा होता. टेकला दोनशेवर. पाच वेळा मोजलं, दोनशे. म्हणजे दादाची पहिली रेघ खरी आणि बाकीच्या नऊ चुकीच्या? नऊ चुका एकाच मापाच्या नसतात. चूक कधी अशी शिस्तीत वागत नाही.

काठीवर निळ्या शाईने माझी रेघ मारली.

१९ जानेवारी, रविवार

एकशे सत्त्याहत्तर.

पाणी उतरलंय म्हणावं तर पंपाच्या खोलीच्या भिंतीवर पातळीचे आकडे रंगवलेले आहेत. गेल्या रविवारी पाणी चारच्या रेघेला होतं, आजही चारलाच आहे. शेजारच्या तेरा आणि पंधरा नंबरवर जाऊन मोजलं. दोन्हीकडे दोनशेच्या आसपास. फक्त चौदासमोर तळ तेवीस सेंटिमीटर वर आलाय.

आणखी एक. ओळंबा वर काढला तेव्हा कोमट होता. जानेवारीच्या पाण्यात बोटं बधिर होतात, आणि शिसं कोमट. हातमोज्यामुळे मला तसं वाटलं असेल.

२६ जानेवारी, रविवार

एकशे चोपन्न. पुन्हा तेवीसच.

घरी आल्यावर वहिनीला सांगायचं नव्हतं, पण माझं तोंड म्हणजे गळकं भांडं. तिने भांडी घासताघासता ऐकलं. मग हात पुसले, कपाटातून दादाचा कातडी हातमोजा आणला आणि टेबलावर पसरला. अंगठा एका बाजूला ताणला, करंगळी दुसऱ्या बाजूला.

"मोजा," म्हणाली.

तेवीस.

"ह्यांची वीत मला ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "लग्नानंतर खिडक्यांच्या पडद्यांचं माप ह्यांनी वितीने घेतलं होतं. सगळे पडदे लांब झाले."

आम्ही दोघी हसलो. दहा नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. आणि मग ती म्हणाली, "ते वर येतायत, वन्सं. हाताने धरत धरत. एका वेळी एक वीत."

मी तपासनीस बाई. असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. पण मला रडू आलं.

२ फेब्रुवारी, रविवार

एकशे एकतीस. वहिनी सोबत आली, घडीच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसली. दोन्ही पिशव्या तिनेच उचलल्या, आणि नेहमीप्रमाणे माझ्या दहा पावलं पुढे. दादा कायम तिच्या मागून धापा टाकत यायचा आणि म्हणायचा, आमची गाडी पुढे, मी मागचा डबा.

आज ओळंबा टेकला आणि रबर ताणलं गेलं. झटका नव्हता. कुणी हात हातात घ्यावा आणि थोडा वेळ धरून ठेवावा तसं. मी काठी घट्ट धरली. काठीच्या टोकातून वीतभर रबर बाहेर आलं, थांबलं, मग सावकाश आत गेलं. आठ नंबरचं रबर एका जागी पांढरं पडलं.

"मला द्या," वहिनी म्हणाली. मी दिली नाही. का दिली नाही? खरं लिहायचं तर मला तिचा हेवा वाटला. माझा भाऊ आहे तो.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोघी दुकानात. रबर सोळा नंबर घेतलं. दुकानदाराने सोळा काढून ठेवलं आणि म्हणाला, "बाई, नका नेऊ." मी म्हटलं, दुकान कशाला उघडलंय मग?

वहिनीला जाळी हवी होती, मासा पाण्याबाहेर घेतात ती, लांब दांड्याची. दुकानदाराने ताटाएवढ्या तोंडाची दाखवली. ती नको म्हणाली. परातीएवढी दाखवली, तीही नको. मग तिने पिशवीतून दादाचा निळा शर्ट काढला, गल्ल्यावर पसरला आणि सगळ्यात मोठ्या जाळीचं तोंड त्याच्या खांद्यांवर ठेवून बघितलं.

"बसतंय," ती म्हणाली. "दांडा जाड असेल असा द्या."

दुकानदार पैसे घ्यायला तयार नव्हता. मी गल्ल्यावर ठेवून आले.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेल्या रविवारी एकशे आठ, आज पंच्याऐंशी. मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नाही. वहिनी तिसरा कप आता मोरीत ओतत नाही, झाकून ठेवते. घर झाडून लख्ख केलंय. दादाच्या चपला पुसल्या. काल गुणगुणत होती.

एक गोष्ट खटकते. तळ्याचं पाणी स्वच्छ आहे. तेरा नंबरवरून मीटरभर खोल पडलेलं पान मला दिसतं. चौदासमोर पंच्याऐंशीवर ओळंबा टेकतो, पण ज्यावर टेकतो ते दिसत नाही. नुसतं हिरवं-काळं पाणी.

वहिनी वाकून त्या पाण्याशी बोलत होती. गॅसचा माणूस येऊन गेला, गच्चीवरची टाकी गळत होती ती दुरुस्त केली, असलं काहीबाही.

२ मार्च, रविवार

गेल्या रविवारी बासष्ट. आज एकोणचाळीस. पुढच्या रविवारी सोळा. फळीवर पालथं पडून हात घातला तर पोचेल.

आज रबर इतकं ताणलं की काठीचं टोक पाण्याला लागलं. वहिनीने माझी कंबर धरली नसती तर मी गेलेच होते. सुटलं तेव्हा आम्ही दोघी फळीवर आपटलो आणि वेड्यासारख्या हसलो. वहिनी म्हणाली, "ह्यांना पहिल्यापासून दम नाही. पुढच्या रविवारी काढूच." मी वीस नंबरचं रबर घ्यायचं ठरवलं.

४ मार्च, मंगळवार

आजच लिहून ठेवते.

दुकानात गेले होते. दुकानदार आत वीस नंबर शोधत होता तेव्हा रिकामपणाचा उद्योग म्हणून गल्ल्यावरच्या त्या दोन खुणांना टेप लावली. वीस सेंटिमीटर. बरोबर वीस.

दादाच्या रेघांतलं अंतर.

दुकानदार बाहेर आला, माझ्या हातातली टेप बघितली आणि स्टुलावर बसला. म्हणाला, "सर गेल्या ऑगस्टात गेले. चौदा नंबरवरूनच. सापडले नाहीत. तुमचे दादा सप्टेंबरपासून रबर न्यायला लागले. मला म्हणाले होते, सर वर येतायत, मी त्यांची वीत ओळखतो. मी हसलो हो. मी हसलो."

मी विचारलं, "सरांच्या आधी?"

"सरांची बहीण होती," तो म्हणाला. "पोहायला गेली होती म्हणतात. सरांच्या काठीवरही रेघा होत्या. फार बारीक अंतराच्या, लहान हाताच्या."

घरी येईपर्यंत मी सगळं मांडून बघितलं. दादाने दहा आठवडे सरांची वाट बघितली. दहा आठवड्यांनी सर वर आले का? नाही, दादा खाली गेला. एखादा दुकानदार रोज वेगळं वजन वापरत असेल, पण काटा एकच असेल आणि माल रोज कमीच भरत असेल, तर खोट काट्यात आहे. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

तो दादा नाही. जे काही आहे ते शेवटी नेलेल्या माणसाच्या हाताने मोजतं.

वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं. टेप दाखवली, आकडे दाखवले. तिने मध्ये न तोडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. नको जायला."

"शपथ घ्या."

"वन्सं, मी काय लहान आहे का? नको म्हटलं ना."

काठी मी माझ्या पलंगाखाली ठेवली आहे.

९ मार्च, रविवार

सात वाजता उठले. स्वयंपाकघरात दोन कप चहा झाकून ठेवलेले. एक माझा, एक दादाचा. तिचा नव्हता.

पलंगाखाली काठी नव्हती.

१२ मार्च, बुधवार

खुर्ची फळीवर होती. शाल घडी करून खुर्चीवर. काठी घोडीवर. जाळी नव्हती, ती तिच्याबरोबर गेली.

पाणबुडे आजही खाली गेले. मी त्यांना सांगितलं तळ सोळा सेंटिमीटरवर आहे, उभं राहून हात घाला. त्यातला एक म्हणाला, "मावशी, इथे दोन मीटर पाणी आहे. सांभाळून, मागे व्हा."

मी शपथ नीट घ्यायला लावायला हवी होती. मी तिच्या दाराशी झोपायला हवं होतं. ती म्हणाली बरं, आणि मला बरं वाटलं. तिने कधी माझं इतक्या लवकर ऐकलं होतं? पस्तीस वर्षांत एकदाही नाही. एवढं मला कळू नये?

१६ मार्च, रविवार

गेले नाही. दिवसभर दाराला कडी लावून बसले. दोन हातमोजे टेबलावर ठेवले होते. एक दादाचा, एक तिचा, भांडी घासायचा रबरी. ते उचलून ठेवायचं धैर्य नाही.

२३ मार्च, रविवार

नुसती खात्री करायला गेले. खात्री केल्याशिवाय अहवाल बंद करता येत नाही.

दोनशे. ठरल्याप्रमाणे दोनशे. ओळंबा थंडगार.

मला सगळं माहीत आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मी फसणार नाही. पुढच्या रविवारी एकदाच मोजेन, नोंद करेन, राखणदाराला ती फळी काढून टाकायला सांगेन आणि काठी मोडून टाकेन.

३० मार्च, रविवार

एकशे त्र्याऐंशी. फरक सतरा.

घरी येऊन वहिनीच्या रबरी हातमोज्याचा अंगठा आणि करंगळी ताणली. सतरा. मला मोजायची गरज नव्हती. तिचे हात किती लहान होते. लग्नात बांगड्या चढवताना मीच कुरकुरले होते, की ह्या बाईला लहान मुलीच्या बांगड्या लागतील.

ओळंबा कोमट होता. मी तो पूर्ण वेळ मुठीत धरून आणला.

१ एप्रिल, मंगळवार

राखणदाराला अजून सांगितलेलं नाही. काठी मोडलेली नाही.

दोन दिवस एकाच प्रश्नाने छळलं. सतरा, ठीक. मग दादाचे तेवीस कुठे गेले? माझ्या स्वतःच्या हिशेबाने याचं उत्तर चार मार्चला वर लिहिलेलं आहे. ते पान मी पुन्हा वाचलं. वाचलं आणि वही मिटली.

मग उत्तर सापडलं. इतकं सोपं होतं. वहिनी कायम दहा पावलं पुढे असायची. पिशव्या तिच्या हातात आणि दादा मागून धापा टाकत. आत्ताही तसंच असणार. पुढचा हात तिचा आहे म्हणून सतराच मोजले जातायत. तो तिच्या मागेच आहे. ती त्याला घेतल्याशिवाय वर येणारच नाही, जाळी तिच्याकडे आहे.

दुपारी दुकानात गेले. दुकानदार मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, रबर हवंय.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "बाई, वीस नंबरच्या वर माझ्याकडे नाही. कुठेच मिळत नाही. कशाला हवंय?"

"वीसचेच दोन दे," मी म्हटलं. "एकात एक ओवून घेईन. ह्या खेपेला दोघं आहेत."